आजारी वैद्य आणि त्याची सनद

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाची उभारणी ज्या चौघांच्या कर्तृत्वावर झाली, त्यांपैकी विल्यम ऑस्लर यांनी त्या संस्थेच्या अंतःस्थ इतिहासाची एक छोटी वही लिहून कुलूपबंद ठेवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर अर्धे शतक लोटल्यावर, १९६९ साली, तो मजकूर प्रसिद्ध झाला, आणि रुग्णालयातील दोनचार ज्येष्ठांना फार पूर्वीपासून ठाऊक असलेली एक गोष्ट जगाला कळली: त्या चौघांपैकीच दुसरे, आधुनिक शस्त्रक्रियेचे आद्य आचार्य विल्यम हालस्टेड, हे रुग्णालयात प्रमुख पदावर आल्यानंतरही मॉर्फिनच्या व्यसनातून मुक्त झालेले नव्हते. १८८४ साली कोकेनच्या अंगचा बधिरीकरणाचा गुण उजेडात आला, तेव्हा स्वतःच्या देहावर त्याचे प्रयोग करता करता हालस्टेड त्या द्रव्याच्या आहारी गेले, आणि कोकेनमधून सुटण्याच्या खटाटोपात मॉर्फिनमध्ये अडकले. पुढे त्यांनी शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोज्यांचा प्रघात पाडला, शिकाऊ शल्यविशारदांच्या शिक्षणाची जी पद्धत घालून दिली ती आजही जगभर चालते, आणि हे सर्व चालू असता ते रुग्णांवर सुरी चालविण्यास लायक आहेत किंवा नाहीत हा प्रश्न कोणत्याही दप्तरात नोंदला गेला नाही. त्याचा निवाडा मित्रांनी मनातल्या मनात केला, आणि तोंडाला कुलूप घातले.

हालस्टेड यांच्या बाबतीत हा निवाडा, निदान शस्त्रक्रियेच्या इतिहासाच्या दृष्टीने, फळास आला असे म्हणता येईल. परंतु एका असामान्य पुरुषाच्या उदाहरणावरून सामान्य नियम बांधता येत नाही. आणि शिवाय, मित्रांचे मौन ही ज्या व्यवस्थेतील एकमेव तपासणी, त्या व्यवस्थेत मित्र नसलेल्या वैद्याचे काय होत असेल आणि टेबलावर निजलेल्या रुग्णाचे काय होत असेल, हे दोन्ही प्रश्न अनुत्तरितच राहतात. डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य किंवा औषधविक्रेता मनाने आजारी पडला, तर त्याने आपला व्यवसाय चालू ठेवावा की नाही, हे ठरवावयाचे कोणी, कशाच्या आधारे, आणि कोणाच्या हितासाठी, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी उदाहरण म्हणून इंग्लंडची व्यवस्था घेतली आहे, कारण एक तर ती लेखी नियमांनी बांधलेली असून तिच्या गुणदोषांची जाहीर चौकशी वारंवार झाली आहे, आणि दुसरे असे की मुंबई, पुणे, नागपूर, मिरज येथील वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले कित्येक मराठी डॉक्टर आज त्याच व्यवस्थेच्या अंमलाखाली आपला चरितार्थ चालवीत आहेत.

ब्रिटनमधील जनरल मेडिकल कौन्सिल ही संस्था १८५८ च्या कायद्याने अस्तित्वात आली. सुशिक्षित वैद्य कोण आणि भोंदू कोण हे लोकांना कळावे यासाठी नोंदवही ठेवणे हे तिचे मुख्य काम. आणि नोंदवहीत नाव घालण्याचा अधिकार आला की नाव काढण्याचाही येतो, त्या न्यायाने व्यवसायाला लांछन आणणाऱ्या वर्तनाबद्दल एखाद्याचे नाव खोडण्याचा अधिकारही तिला मिळाला. पुढे १९६९ साली त्या अपराधाला गंभीर व्यावसायिक गैरवर्तन असे सौम्य नाव दिले गेले. मात्र या शतकाहून अधिक काळात आजारी डॉक्टरसाठी कौन्सिलच्या इमारतीला वेगळे दार असे नव्हतेच. तो आत यावयाचा तर आरोपी म्हणूनच यावयाचा, आणि ज्याचा हात सकाळी दारूवाचून कापतो त्या भूलतज्ज्ञाला एकतर गुन्हेगार ठरवावे किंवा त्याच्याकडे काणाडोळा करावा, यापलीकडे तिसरा मार्ग कायद्याला सुचलेला नव्हता. अर्थात काणाडोळाच अधिक होई. १९६० साली आरोग्य मंत्रालयाने एक परिपत्रक काढून प्रत्येक रुग्णालय-विभागात ज्येष्ठ डॉक्टरांची एक लहान समिती नेमण्याची शिफारस केली. एखादा सहकारी शारीरिक वा मानसिक विकारामुळे रुग्णांना धोक्याचा होत चालला असेल तर या ज्येष्ठांच्या कानावर घालावे आणि त्यांनी गुपचूप काय ते पाहावे, अशी ती योजना होती. लोकांनी तिला ‘तीन शहाण्यांची’ पद्धत असे नाव दिले. गावातील पंचांनी ओसरीवर बसून भांडण मिटवावे तसाच तो प्रकार, आणि पंचांच्या न्यायाचे सारे गुण व सारे दोष त्यात होते: शहाणे शहाणे असतील तर उत्तम, नाहीतर कागदावर काहीच उरत नसे.

खरा बदल घडला तो, गंमत अशी, वर्गणीच्या भांडणातून. नोंदवहीत नाव राखण्यासाठी दरसाल पैसे भरावे असा हुकूम कौन्सिलने काढताच डॉक्टरांनी बंड पुकारले, प्रकरण हातघाईवर आले, आणि सरकारने डॉ. अलेक मेरिसन या भौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. १९७५ साली तिचा अहवाल आला. वर्गणीचा प्रश्न आज कोणाच्या स्मरणातही नाही. पण त्या अहवालात एक सूचना होती की, आजार आणि अपराध यांची फारकत करावी, आणि ज्या डॉक्टरची कार्यक्षमता रोगाने खालावली आहे त्याची सुनावणी शिक्षा देणाऱ्या समितीपुढे न होता निराळ्या समितीपुढे, बंद दाराआड, वैद्यकीय पुराव्याच्या आधारे व्हावी. १९७८ च्या कायद्याने ती सूचना स्वीकारली आणि १९८० पासून कौन्सिलची आरोग्य समिती काम करू लागली. २००४ नंतर समित्यांची रचना बदलली, २०१२ पासून सुनावणीचे काम मँचेस्टर येथील एका स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे गेले, परंतु मूळ तत्त्व कायम राहिले. त्याची सर्वांत ठळक खूण म्हणजे, केवळ आजारपणाच्या कारणाने डॉक्टरचे नाव नोंदवहीतून कायमचे खोडता येत नाही. अटी घालता येतात, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत. निलंबित करता येते, एका वेळी बारा महिन्यांपर्यंत. ही मुदत वाढवत नेता येते, आणि बराच काळ लोटल्यावर निलंबन बेमुदतही करता येते. पण खोडणे मात्र नाही. कारण खोडणे ही शिक्षा, आणि आजार हा अपराध नव्हे. न्यायालयांनीही हे वेळोवेळी अधोरेखित केले आहे: मेडो नावाच्या बालरोगतज्ज्ञाच्या २००६ सालच्या प्रकरणात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने, या सर्व कार्यवाहीचा हेतू मागील चुकांचे प्रायश्चित्त देणे हा नसून पुढे रुग्णांचे रक्षण करणे हा आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले.

आता प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते पाहू. एखादी तक्रार आली, पोलिसांकडून खबर आली, रुग्णालयाच्या प्रमुखाने कळविले, किंवा क्वचित डॉक्टरने स्वतःच लिहिले की आपली प्रकृती ठीक नाही, आणि प्रकरणाच्या मुळाशी आजार असावा असे दिसले, म्हणजे कौन्सिल त्या डॉक्टरला तपासणीस येण्याचे सुचविते. ही तपासणी रूढ पद्धतीने दोन परीक्षकांकडून, स्वतंत्रपणे होते. मनोविकाराचा किंवा व्यसनाचा संशय असेल तर हे दोघेही मनोविकारतज्ज्ञ असतात. डॉक्टरला नकार देता येतो, पण तो नकारही प्रकरणात नोंदला जातो, आणि अलीकडच्या नियमांनुसार केवळ सहकार्य न केल्याच्या कारणानेही त्याच्यावर कारवाई होऊ शकते. तेव्हा ते आमंत्रण कितीही मृदू शब्दांत लिहिलेले असले तरी त्याचा वाचणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम समन्सहून फारसा निराळा नसतो.

येथे एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी, कारण साऱ्या विषयाची अवघड गाठ तिच्यात आहे. समोर बसलेला मनोविकारतज्ज्ञ हा त्या डॉक्टरचा वैद्य नव्हे. रुग्ण आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्यात जो विश्वासाचा अलिखित करार असतो, की येथे बोललेले येथेच राहील आणि जे काही केले जाईल ते तुझ्या हितासाठीच केले जाईल, तो करार या खोलीत अस्तित्वात नसतो. परीक्षकाचे उत्तरदायित्व कौन्सिलकडे, आणि कौन्सिलच्या मार्फत अशा हजारो रुग्णांकडे, ज्यांना त्याने पाहिलेलेही नाही. म्हणून चांगला परीक्षक मुलाखतीच्या आरंभीच हे स्पष्ट सांगतो, की मी उपचार करणार नाही, अहवाल लिहिणार आहे, आणि तुम्ही जे सांगाल ते त्यात येऊ शकेल. सांगतो खरा; परंतु मनोविकारतज्ज्ञाची सारी विद्याच मुळी माणसाला बोलते करण्याची असल्यामुळे, सांगून झाल्यावर पंधरा मिनिटांत समोरच्याला त्याचा विसर पडतो, आणि तासाभराने तो आपल्या आयुष्यातील अशा गोष्टी बोलून जातो, ज्या त्याने पत्नीलाही सांगितलेल्या नसतात. या कौशल्याचा उपयोग कोठवर करावा हे परीक्षकाने स्वतःच्या सदसद्विवेकाला विचारून ठरवावयाचे असते, आणि माझ्या मते या कामातील सर्वांत जोखमीचा भाग निदानाचा नव्हे, हा आहे.

मुलाखतीपूर्वी परीक्षकाच्या हाती तक्रारीचे कागद, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदी आणि नोकरीच्या ठिकाणचे अहवाल आलेले असतात. मुलाखतीत बालपणापासूनचा इतिहास, पूर्वीचे आजार, झोप, भूक, कामाचा बोजा, मद्यपान, घरची परिस्थिती हे सर्व विचारले जाते. मनःस्थितीची रीतसर तपासणी होते. स्मरणशक्तीविषयी शंका असेल तर बौद्धिक चाचण्या होतात. व्यसनाच्या प्रकरणांत रक्त, लघवी आणि केस यांची तपासणी केली जाते. रक्त आणि लघवी अलीकडच्या काळाची साक्ष देतात, पण केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने टाळूपासून तीन सेंटिमीटर लांबीच्या बटेत मागील तीन महिन्यांची बखर लिहिलेली असते, आणि ती वाचण्यास त्या माणसाच्या कबुलीजबाबाची गरज पडत नाही. शिवाय येथील रुग्ण हा स्वतः वैद्य. नैराश्याची लक्षणे कोणती, मद्यासक्तीची प्रश्नावली कशी असते, कोणत्या उत्तराला किती गुण, हे त्याला परीक्षकाइतकेच पाठ. त्यामुळे केवळ प्रश्न विचारून निघणारे उत्तर येथे फार उपयोगाचे नसते, आणि सहकाऱ्यांनी, नातेवाइकांनी, कागदांनी सांगितलेल्या हकीकतीशी त्याची सांगड घालावी लागते.

शेवटी अहवालात ज्या प्रश्नांची उत्तरे द्यावयाची ते थोडके आहेत. या व्यक्तीस आजार आहे काय, आणि असल्यास कोणता? ती सर्वसाधारणपणे व्यवसाय करण्यास लायक आहे, की काही मर्यादांसह लायक आहे, की मुळीच नाही? आणि तिच्या उपचाराविषयी व देखरेखीविषयी शिफारस काय? नियमांत आणखी एक चतुर कलम आहे: आजार येत-जात राहणारा असेल, आणि तपासणीच्या दिवशी तो पूर्ण शमलेला असला तरी पुन्हा उलटून कार्यक्षमता बिघडविण्याचा संभव असेल, तर तेही नोंदवावे. हे कलम नसते तर द्विध्रुवी मनोविकाराचा प्रत्येक रुग्ण चांगल्या महिन्यात येऊन निर्दोष दाखला घेऊन गेला असता.

सामान्य वाचकाची येथे अशी समजूत होण्याचा संभव आहे की निदान झाले म्हणजे निकाल लागला. वस्तुतः निदान ही केवळ सुरुवात असते. समजा, एक शल्यविशारद आहेत. त्यांना पंधरा वर्षांपासून द्विध्रुवी विकार आहे, पण ते लिथियम नियमाने घेतात, रक्तातील त्याचे प्रमाण वेळच्या वेळी तपासून घेतात, आपल्या विभागप्रमुखास त्यांनी हे सांगून ठेवले आहे, आणि झोप कमी होऊ लागली म्हणजे पाणी कोठे मुरते आहे हे ओळखून स्वतः होऊनच रजा घेतात. दुसरे एक कुटुंबवैद्य आहेत; त्यांचे नैराश्य पुस्तकी मोजमापाने सौम्य ठरेल, पण आपल्याला काहीही झालेले नाही, सारा दोष दवाखान्यातील नव्या व्यवस्थापकाचा आहे, अशी त्यांची ठाम समजूत आहे, आणि रात्री झोप यावी म्हणून ते स्वतःच्या हाताने स्वतःसाठी गोळ्या लिहून देतात. आजाराचे नाव पाहिले तर पहिला गृहस्थ अधिक भयंकर. सनदेच्या दृष्टीने पाहिले तर दुसरा. आपल्या आजाराची जाणीव, तिच्यातून निर्माण झालेले वर्तन, आणि मदत मागण्याची तयारी, या त्रयीला परीक्षक अंतर्दृष्टी म्हणतात, आणि जवळजवळ प्रत्येक अहवालाचा काटा तिच्यापाशी येऊन थांबतो. मात्र तिचे मोजमाप करताना एक अन्याय सहज घडू शकतो, तो असा की जो डॉक्टर तक्रार खोटी आहे असे म्हणतो त्याला अंतर्दृष्टी नाही असे समजले जावे. तक्रार कधीकधी खरोखरच खोटी असते. आजार नाकारणे आणि आरोप नाकारणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर न पाहणारा अहवाल, त्याची भाषा कितीही शास्त्रीय असो, पक्षपाती होतो.

दोन्ही अहवाल आले आणि आजार आहे पण आटोक्यात ठेवता येण्याजोगा आहे असे दिसले, तर बहुतेक प्रकरणे न्यायाधिकरणापर्यंत न जाता मुचलक्यावर मिटतात. डॉक्टर लिहून देतो की मी अमुक तज्ज्ञाच्या उपचाराखाली राहीन, मद्य घेणार नाही, बोलावले त्या दिवशी तपासणीस हजर होईन, स्वतःसाठी वा कुटुंबीयांसाठी औषधे लिहून देणार नाही, एकट्याने दवाखाना चालविणार नाही. आणि कौन्सिल त्याच्यावर एक वैद्यकीय पर्यवेक्षक नेमते, जो पुन्हा त्याचा उपचारक नसतो. आरोग्याशी संबंधित अटी लोकांसाठी प्रसिद्ध केल्या जात नाहीत, आणि आरोग्याची सुनावणी झाली तर ती खाजगीत होते. नर्सेस आणि मिडवाइफ यांची कौन्सिल निराळी असली तरी तेथील पद्धतीचा ढाचा याच जातीचा आहे.

या व्यवस्थेविरुद्ध जे दोन आक्षेप घेतले जातात ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला असा की ती फार मऊ आहे. हा आक्षेप घेणाऱ्यांच्या तोंडी हॅरोल्ड शिपमन याचे नाव येते. यॉर्कशरमधील टॉडमॉर्डेन गावी कुटुंबवैद्य असता १९७५ साली त्याने खोट्या चिठ्ठ्या लिहून पेथिडीन हे नशा आणणारे वेदनाशामक मिळविल्याचे व स्वतःला टोचून घेतल्याचे उघडकीस आले. क्वेकर पंथीयांनी अठराव्या शतकात स्थापन केलेल्या यॉर्कच्या ‘द रिट्रीट’ या नामांकित मनोरुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले. १९७६ च्या फेब्रुवारीत हॅलिफॅक्सच्या मॅजिस्ट्रेटने त्याला ६०० पौंड दंड केला. आणि मनोविकारतज्ज्ञांचे अनुकूल अभिप्राय ध्यानी घेऊन कौन्सिलने त्याला इशाऱ्याचे पत्र पाठवून प्रकरण दप्तरी दाखल केले. दुसऱ्या वर्षी तो मँचेस्टरजवळच्या हाइड गावी पुन्हा कुटुंबवैद्य झाला. २००० साली पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली, आणि न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत बळींची संख्या किमान २१५ असल्याचे निष्पन्न झाले. त्या चौकशीच्या डिसेंबर २००४ मधील पाचव्या अहवालाने कौन्सिलच्या कारभारावर, ती रुग्णांपेक्षा डॉक्टरांचे हित अधिक पाहते अशी, अत्यंत कठोर टीका केली. परंतु आपल्या विषयापुरता या प्रकरणाचा अर्थ काय, हे पाहताना घाई होऊ नये. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी पेथिडीनचे व्यसन तपासले, आणि ते व्यसन बरे होण्याजोगे आहे असे सांगितले. त्याच काळात त्याच्या हातून रुग्णांचे खून सुरू झाले होते, हे त्यांना कोणी विचारले नव्हते आणि मनोविकाराच्या कोणत्याही मुलाखतीतून ते बाहेर पडले नसते. मनोविकारतज्ज्ञ आजार पाहू शकतो; तो दुष्टपणाही पाहू शकतो असे मानणे ही त्या शास्त्रावर लादलेली जबाबदारी आहे. मृत्यूच्या दाखल्यांची छाननी आणि नियंत्रित औषधांच्या साठ्याचा हिशेब, ही कारकुनी कामे हाइडच्या लोकांना अधिक उपयोगी पडली असती. मात्र एक उणीव निःसंशय होती: १९७६ साली त्याला सोडून देताना पुढील देखरेखीची काहीच व्यवस्था झाली नाही, आणि आज जो मुचलका मामुली समजला जातो तोही त्याच्याकडून कोणी लिहून घेतला नाही.

दुसरा आक्षेप असा की ती फार निष्ठुर आहे. कौन्सिलनेच नेमलेल्या सँड्रा हॉर्सफॉल यांचा अहवाल २०१४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. २००५ ते २०१३ या काळात चौकशी चालू असता जे ११४ डॉक्टर मरण पावले, त्यांपैकी २८ जणांनी आत्महत्या केली, किंवा तसा संशय होता, असे त्यात नमूद होते. त्यांतील अनेकांना मानसिक आजार किंवा व्यसन होते. म्हणजे ज्यांच्या आजाराची दखल घेण्यासाठी ही कार्यपद्धती उभारली, त्यांच्यापैकी काहींना तिचाच भार सोसवला नाही. हॉर्सफॉल यांच्या शिफारशी अगदी व्यावहारिक होत्या: आरोग्यतपासणीसाठी लागणाऱ्या अहवालांची संख्या कमी करावी, आरोग्याची प्रकरणे पाहण्यासाठी कौन्सिलमध्ये एक ज्येष्ठ वैद्यकीय अधिकारी असावा, चौकशी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना मानसिक आजारांचे शिक्षण द्यावे, डॉक्टरांसाठी राष्ट्रीय पातळीवर साहाय्यसेवा उभारावी. मेरिसन समितीने आजारी डॉक्टरसाठी वेगळे दार केले, पण त्या दारापर्यंत पोहोचविणारा कागद मात्र त्याच शिक्क्याचा, त्याच छापाचा, वकिलाने तपासलेल्या त्याच भाषेचा राहिला; आणि पहाटे तो लिफाफा फोडणारा माणूस आतल्या कलमांतील सूक्ष्म भेद वाचण्याच्या स्थितीत नसतो.

मराठी वाचकांनी येथे आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. २०१९ साली कौन्सिलच्याच सांगण्यावरून झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, गोऱ्या डॉक्टरांच्या तुलनेत कृष्णवर्णीय व अल्पसंख्य वंशांच्या डॉक्टरांची प्रकरणे त्यांचे मालक कौन्सिलकडे दुपटीहून अधिक प्रमाणात धाडतात. परदेशातून आलेल्या माणसाला वरिष्ठ स्पष्टपणे चुका दाखविण्याचे टाळतात, अनौपचारिक समज वेळेवर मिळत नाही, आणि मग एक दिवस थेट लेखी तक्रारच होते, हे त्यामागील एक कारण त्या अभ्यासात दिलेले आहे. घराणे, भाषा, ओळखीपाळखी मागे सोडून गेलेल्या डॉक्टरच्या वाट्याला ‘तीन शहाणे’ कधी येतच नाहीत. त्याच्यासाठी पहिली पायरीच कौन्सिलची असते.

भीतीचा परिणाम काय होतो याचे एक विदारक उदाहरण त्या देशात घडले. डॉ. दक्षा एमसन या लंडनमधील तरुण मनोविकारतज्ज्ञ. त्यांना स्वतःला द्विध्रुवी विकार होता, आणि तो व्यवसायात कळला तर आपले काय होईल या धास्तीने त्यांनी तो शक्य तितका झाकून ठेवला होता. बाळंतपणानंतर, औषधे बंद असता, आजार उलटला, आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा व त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलीचा अंत झाला. २००३ सालच्या चौकशी अहवालाने व्यवसायातील कलंकभावनेकडे आणि डॉक्टर आजारी पडला असता त्याला सहकारी म्हणून वागविले जाते, रुग्ण म्हणून नाही, या दोषाकडे बोट दाखविले. त्यातूनच पुढे २००८ साली, डॉ. क्लेअर गेराडा यांच्या नेतृत्वाखाली, लंडनमधील डॉक्टर व दंतवैद्य यांच्यासाठी एक गोपनीय उपचारसेवा सुरू झाली, आणि २०१९ पर्यंत ती संपूर्ण इंग्लंडमधील डॉक्टरांना खुली झाली. येथे डॉक्टरने स्वतः होऊन यावयाचे, उपचार घ्यावयाचे, आणि रुग्णांना धोका नसेल तर कौन्सिलला खबर जाण्याचे कारण पडत नाही. परीक्षक आणि वैद्य ही दोन कामे निराळ्या माणसांकडे दिल्याने दोन्ही अधिक प्रामाणिकपणे होतात.

अशा देखरेखीतून माणसे खरोखर कामावर परततात काय, याचे उत्तर अमेरिकेने दिले आहे. तेथे १९७३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आजारी डॉक्टरांच्या प्रश्नावर आपले निवेदन प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर राज्याराज्यांतून अशा डॉक्टरांच्या उपचाराच्या व देखरेखीच्या योजना निघाल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोळा योजनांतील ९०४ व्यसनाधीन डॉक्टरांचा मागोवा घेतला होता. पाच वर्षांच्या अखेरीस, ज्यांची माहिती मिळू शकली त्यांपैकी सुमारे ७९ टक्के डॉक्टर परवान्यासह काम करीत होते. कोणत्याही व्यसनोपचाराला हेवा वाटावा असे हे फळ आहे. अर्थात सनद गमावण्याचा धाक हा त्यातील औषधाचाच एक अंश होता, हेही मान्य करावयास हवे. पण धाकाची मात्रा चुकली तर काय होते तेही त्याच देशाने पाहिले. अनेक राज्यांच्या परवाना-अर्जांत, तुम्ही पूर्वी कधी मानसिक आजारावर उपचार घेतले होते काय, असा प्रश्न असे. परिणामी कित्येक डॉक्टर उपचारच टाळीत. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या साथीच्या ऐन भरात, न्यूयॉर्कमधील तातडीच्या विभागाच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी आपले जीवन संपविले. मदत मागितली तर परवाना जाईल ही भीती त्यांच्या मनात होती असे कुटुंबीयांनी सांगितले. २०२२ साली त्यांच्या नावाने कायदा झाला, आणि अनेक राज्यांनी आपला प्रश्न बदलून, आज तुमच्या कामात बाधा आणणारा काही आजार आहे काय, एवढाच ठेवला आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यक परिषद १९६५ च्या कायद्याखाली काम करते, आणि डॉक्टरांच्या वर्तनाचा मुख्य आधार २००२ ची आचारसंहिता हा आहे. तीत गैरवर्तनाची लांबलचक यादी आहे, पाच वर्षांत तीस तास शिक्षण घेण्याची अपेक्षा आहे, पण आजारी डॉक्टरसाठी आरोग्य समितीसारखी वेगळी कार्यपद्धती नाही. १९८० पूर्वीच्या इंग्लंडप्रमाणेच येथेही दार एकच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र एक मोलाचे तत्त्व घालून दिले आहे, की एखाद्यास मानसिक आजार असल्याचे ठरले एवढ्यावरून, सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केल्यावाचून, तो विकल मनाचा आहे असे समजू नये. हे तत्त्व डॉक्टरलाही लागू आहे, तरी ते त्याच्या सनदेच्या व्यवहारात उतरविणारी यंत्रणा उभी राहिलेली नाही. तोवर आपल्या रुग्णालयांत एखादा विभागप्रमुख एखाद्याचे नाव शस्त्रक्रियेच्या यादीतून हळूच वगळतो, त्याला बाह्यरुग्ण विभागात बसवितो, घरच्यांना बोलावून समजावितो, आणि लेखी काहीच ठेवीत नाही. एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरच्या बाबतीत एवढेही करणारा कोणी नसतो. इंग्लंडने १९८० मध्ये आरोग्य समिती उभारली, आणि डॉक्टरने निर्भयपणे जावे अशी स्वतंत्र उपचारसेवा मात्र लंडनमध्ये अठ्ठावीस वर्षांनी सुरू केली. महाराष्ट्राला दोन्ही अजून बांधावयाची आहेत, तेव्हा परिषदेने उपचाराचे दार आधी बांधून तपासणीचे मागाहून बांधले तर तिला अडविणारे कोणतेही कलम निदान मला तरी दिसत नाही.